खाडा

पुण्यात मेसमध्ये जेवलेल्या कुणालाही ‘खाडा’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. गावी जाताना मेसवाल्या काकूंना सांगून जायचं, वहीत खाडा लागतो आणि महिन्याच्या शेवटी तेवढे दिवस पुढे मिळतात. इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि नोकरीची पहिली दोन वर्षं माझ्या लेखी खाडा हा असा आपल्या सोयीचा शब्द होता. ऊसतोडीच्या फडात मात्र त्याच शब्दाचा अर्थ उलटा फिरतो. तिथे खाडा म्हणजे कामावर न आलेला दिवस. त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, पण मुकादम वरून दंड लावतो आणि तो उचलीच्या हिशेबात जमा होतो. बीडमधल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या, तेव्हा पाळीच्या दिवसांतसुद्धा खाडा परवडत नाही हे त्यामागचं एक कारण म्हणून पुढे आलं होतं.

खाडा लागू शकेल अशी तिसरी एक जागा आहे, ती म्हणजे शाळेचं हजेरीपुस्तक. आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेलं मूल दिवाळीच्या आसपास वर्गातून दिसेनासं होतं आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतं. या चार-पाच महिन्यांच्या गैरहजेरीला कुणी खाडा म्हणत नाही. कारण ते मूल शाळेत आलं नाही म्हणून कुणाचा एक रुपयाही बुडत नाही. फडात त्या मुलाची कुठेच नोंद नसते, तरी ते तिथे नसलं तर पैसे बुडतात.

गेली दोन-तीन वर्षं हा फरक माझ्या डोक्यात घोळतो आहे. मुलांनी काम करावं का, या प्रश्नावर आपण पटकन मत देतो. पण ते देताना ‘मदत’ कुठे संपते आणि ‘मजुरी’ कुठे सुरू होते, हे आपल्याला ठाऊकच आहे असं धरून चालतो. मला ते ठाऊक नव्हतं. या लेखात मी ती रेषा शोधण्याचा प्रयत्न करतो आहे.

आधी फडाबद्दल थोडं. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी अशा जिल्ह्यांच्या कोरडवाहू भागातून दर वर्षी लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. हंगामाआधी मुकादमाकडून एकरकमी उचल घेतली जाते आणि हंगामभर ती तोडणीतून फेडायची असते. मजुरी माणसामागे मिळत नाही, ‘कोयत्या’मागे मिळते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दर टनावर असतो. जानेवारी २०२४ मध्ये त्यात ३४ टक्के वाढ झाली आणि तो टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. एक जोडी दिवसाला दोनेक टन ऊस तोडते, म्हणजे दोघांचे मिळून सातशे-साडेसातशे रुपये होतात. त्यातून उचल वळती होते, आणि हंगाम संपताना ती फिटली नसेल तर पुढच्या वर्षावर जाते.

आता या हिशेबात मूल कुठे येतं ते पाहू. बारा वर्षांचा मुलगा मोळ्या बांधू लागतो, वाढं गोळा करतो, बैलगाडी असेल तर बैलांना पाणी दाखवतो. दहा वर्षांची मुलगी कोपीवर थांबते, पाणी भरते, भाकरी टाकते, दीड वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन दिवस काढते. यातल्या कशाचीही मजुरी तिला मिळत नाही. पण ती कोपीवर नसेल तर आईला फडातून दोन तास आधी निघावं लागेल, आणि दोन टनांचा दीड टन होईल. टनाच्या दरात त्या मुलीचं नाव नाही, पण त्या दरावर घर चालतं ते तिच्यामुळे. कोयता दोघांचा म्हणतात, प्रत्यक्षात तो तिघा-चौघांचा असतो.

याचा शाळेवर होणारा परिणाम एका दिवसात दिसत नाही. आपलं शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होतं. मूल जून ते ऑक्टोबर शाळेत असतं, मग जातं, आणि परततं तेव्हा वर्ष संपत आलेलं असतं. भागाकार दिवाळीनंतर शिकवला गेला, तर तो त्याच्या आयुष्यातून निसटतो. पुढच्या वर्षी अपूर्णांक येतात, ते भागाकारावर उभे असतात. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास न करण्याचं धोरण आणलं. मूळ हेतू चांगला होता, पण या मुलांच्या बाबतीत त्याचा अर्थ असा झाला की मूल सरकत सातवीत पोचतं आणि पुस्तक मात्र तिसरीचं वाचतं. गणितात मी बरा होतो, म्हणून मला हे जास्त टोचतं. गणित हा विषय मधली पायरी गाळलेली खपवून घेत नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला वर्गात बसून काही कळेनासं झालं की त्याला लाज वाटू लागते, आणि तेवढ्यात त्याच्या हातात कोयता धरण्याइतकं बळही आलेलं असतं. मग आपण म्हणतो की त्याला शिक्षणात रस नव्हता.

कायदा काय म्हणतो? १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच व्यवसायांत कामाला ठेवायला बंदी आली. २०१७ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे या विषयावरचे दोन मूलभूत करार, १३८ आणि १८२ क्रमांकाचे, मान्य केले. पण २०१६ च्या दुरुस्तीत एक अपवाद आहे : शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत मूल आपल्या कुटुंबाला मदत करू शकतं. नियमांत या मदतीला मर्यादा आहेत. दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त नको, संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत नको, शाळेच्या वेळेत नको. कागदावर हे नेमकं आहे. या नियमांनी डोळ्यांपुढे ठेवलेलं कुटुंब मात्र एका जागी राहतं, त्याच्या घरापासून शाळा जवळ असते, आणि त्याचं काम दिवे लागेपर्यंत संपतं. उसाच्या फडात आई पहाटे चारला उठते आणि ट्रक रात्री अकरालाही भरायला येतो. तिथे ‘शाळेच्या वेळेनंतर’ म्हणजे कधी?

याच नियमांत चित्रपट-मालिकांत काम करणाऱ्या मुलांसाठीही तरतुदी आहेत. त्यांनी दिवसाला पाच तासांहून जास्त काम करायचं नाही, आणि कमाईचा किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावावर बँकेत ठेवायचा. पडद्यावरच्या मुलाच्या वेळेला किंमत आहे हे मान्य करून कुणीतरी ती लिहून ठेवली. कोपीवरच्या मुलीच्या वेळेला ‘मदत’ म्हटल्यावर किंमत लिहायचा प्रश्नच उरत नाही.

हे केवळ आपल्याकडचं चित्र नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात १६ कोटी बालकामगार होते, आणि त्यांतले ७० टक्के शेतीत होते. याहून महत्त्वाचा आकडा असा की ७२ टक्के मुलं आपल्याच कुटुंबात काम करत होती. २०२४ चा अंदाज १३.८ कोटींवर उतरला आहे, ही चांगली बातमी. पण ‘बालकामगार’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे हॉटेलात कपबशा विसळणारा पोऱ्या येतो, ज्याला एक मालक आहे. बहुतांश मुलांना असा मालक नसतोच. त्यांना आईवडील असतात.

आणि इथेच एक प्रामाणिक आक्षेप समोर येतो. काम करणं इतकं वाईट आहे का? महाराष्ट्राला तर काम करून शिकण्याची अभिमानास्पद परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि ‘कमवा आणि शिका’ या विचारावर हजारो गरीब मुलं शिकली. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत नई तालीम मांडली. त्यात हस्तव्यवसाय हाच शिक्षणाचा मध्य होता. शहरी मध्यमवर्गाने श्रमाला हलकं ठरवायचं आणि मग शेतकऱ्याच्या मुलाने औताला हात लावला की ‘बालमजुरी’ म्हणून ओरडायचं, यात ढोंग नाही का?

हा आक्षेप मी झटकून टाकू शकत नाही, कारण मी स्वतः काम करत मोठा झालो. तालुक्याच्या गावी आमची पिठाची गिरणी होती. पाचवीपासून मी संध्याकाळी तिथे बसायचो. डबे काट्यावर ठेवायचे, वहीत नाव आणि किलो लिहायचे, सुट्टे पैसे परत करायचे, गव्हाच्या पाठोपाठ बाजरी आली तर बाबांना विचारायचं. तोंडी हिशेब मी गिरणीत शिकलो. कुणाचं पीठ उधारीवर जातं आणि त्या माणसाशी कसं बोलायचं असतं, हे कुठल्याच शाळेने शिकवलं नसतं. माझं बालपण कुणी हिरावून घेतलं असं मला कधी वाटलं नाही.

पण दहावीच्या वर्षी जानेवारीपासून परीक्षा संपेपर्यंत मी गिरणीत फिरकलो नाही. बाबांनीच सांगितलं, आता येऊ नकोस. आई अधूनमधून बसली, बाबांनी गिरणी तासभर उशिरा बंद केली. घरातलं दूध कमी झालं नाही, कुणाचं देणं थकलं नाही. माझ्या खाड्याची किंमत घराला जाणवली नाही.

मला वाटतं, रेषा इथे आहे. काम किती कष्टाचं आहे, किती तासांचं आहे, पगार मिळतो की नाही, घरचं आहे की परक्याचं, हे सगळं महत्त्वाचं आहे, पण निर्णायक नाही. निर्णायक प्रश्न एकच : उद्या हे मूल कामावर आलं नाही, तर काय होईल? आई कुरकुरेल, बाबा थोडे जास्त राबतील, एवढंच होणार असेल तर ती मदत. घरातलं काहीतरी बुडणार असेल, जेवण, औषध किंवा कर्जाचा हप्ता, तर ती मजुरी, मग तिला नाव काहीही द्या. ज्याच्या गैरहजेरीची किंमत कुटुंबाला परवडत नाही ते मूल कामगार आहे, आणि त्याच्या शाळेला त्या कामानंतर उरलेला वेळच मिळणार. या कसोटीवर ‘कमवा आणि शिका’ तरून जातं. तिथे काम शाळेसाठी होतं. परीक्षा आली तर काम थांबायचं, आणि थांबलं म्हणून कुणाच्या घरची चूल विझत नव्हती. फडात शाळा थांबते, काम थांबत नाही.

या कसोटीचा एक फायदा असा की तिच्यात कुणावर आरोप नाही. भाजी विकणाऱ्या एकट्या आईचा मुलगा आनंदाने गाडीवर बसत असेल, तिच्यावर खूप प्रेम करत असेल, तरी त्याच्याविना गाडी लागत नसेल तर तो कामगार आहे. म्हणून त्याची आई गुन्हेगार ठरत नाही. तिच्याकडे खाडा परवडण्याइतकी शिल्लक नाही, एवढंच त्यातून कळतं.

अर्थशास्त्रज्ञ कौशिक बसू आणि फाम होआंग वान यांनी १९९८ मध्ये एका प्रसिद्ध निबंधात हेच दुसऱ्या बाजूने मांडलं. त्यांचं गृहीतक असं : आईवडील मुलाला कामाला लावतात ते प्रौढांच्या कमाईत घर भागत नाही तेव्हाच, मुलाचा आराम ही त्यांना न परवडणारी चैन असते. त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला अजून विचारात पाडतो. सगळीच मुलं एकदम कामाच्या बाजारातून बाहेर पडली, तर मजूर कमी होतील, मोठ्यांची मजुरी वाढेल, आणि मग त्याच आईवडिलांना मुलांना कामाला लावण्याची गरज उरणार नाही. म्हणजे एकच समाज दोन प्रकारे स्थिर राहू शकतो, मुलं राबत असताना आणि मुलं शिकत असताना. एकट्या कुटुंबाला मात्र एका स्थितीतून दुसरीत उडी मारता येत नाही. शेजारची मुलं फडात असताना आपलीच मुलगी शाळेत ठेवणाऱ्या बाईला वाढीव दर कुणी देणार नाही, तिचा फक्त अर्धा टन कमी होईल.

म्हणून नुसती बंदी पुरत नाही. प्रशांत भारद्वाज आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८६ च्या कायद्याच्या परिणामांचा अभ्यास केला, तेव्हा बंदीनंतर मुलांची मजुरी घसरली आणि गरीब घरांत मुलांचं काम उलट वाढलं, असं त्यांना आढळलं. कारण साधं आहे. घराला लागणारी रक्कम तीच राहिली, मुलाच्या तासाचे पैसे कमी झाले, मग जास्त तास लागले.

पण याचं टोक गाठून ‘गरिबी जाईल तेव्हा बालमजुरी जाईल’ म्हणणारेही मला पटत नाहीत. हा युक्तिवाद फार जुना आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली होती. शेतकरी आणि गरीब वर्ग दारिद्र्यामुळे मुलांना शाळेत पाठवू शकत नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणून त्यांनी शिष्यवृत्त्या आणि बक्षिसंही मागितली. गरिबी हे सक्ती न करण्याचं कारण आहे असं त्यांनी मानलं नाही, गरिबीची भरपाई करा असं म्हटलं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये मांडलेलं विधेयक तर किती मवाळ होतं : ज्या स्थानिक संस्थांची तयारी असेल त्यांनीच, सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरती सक्ती करावी. १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. मूलभूत हक्क म्हणून शिक्षण घटनेत यायला २००२ उजाडलं आणि कायदा प्रत्यक्ष लागू व्हायला २०१०. मायरन वायनर या अभ्यासकाने १९९१ च्या आपल्या पुस्तकात भारताबद्दल एक बोचरी गोष्ट म्हटली होती. अनेक देशांनी गरीब असतानाच शिक्षण सक्तीचं केलं, भारतात ते झालं नाही यामागे पैशाच्या अभावापेक्षा वरच्या वर्गाची समजूत जास्त आहे, की काही मुलं हाताने काम करण्यासाठीच असतात. शंभर वर्षांचा हा उशीर पाहिला की ते विधान खोडून काढणं जड जातं.

आंध्र प्रदेशात शांता सिन्हा आणि मामिडिपुडी वेंकटरंगय्या फाउंडेशनने १९९० च्या दशकात या समजुतीवरच घाव घातला. त्यांनी व्याख्या अगदी सोपी केली : शाळेत नसलेलं प्रत्येक मूल बालमजूर आहे. घरचं काम, बाहेरचं काम, धोक्याचं, बिनधोक्याचं, असे भेद करायचेच नाहीत. ही व्याख्या वाचताना माझ्यातला इंजिनिअर आधी खूश झाला, कारण तिला अपवाद नाहीत. पण नंतर वाटलं, तिच्यातही एक फट आहे. शाळेत असलेलं मूलही मजूर असू शकतं. बांगलादेशात १९९३ पासून मुलांना शाळेत पाठवणाऱ्या गरीब कुटुंबांना धान्य दिलं जाऊ लागलं. राव्हॅलियन आणि वोडाँ यांनी २००० मध्ये दाखवलं की शाळेतली हजेरी चांगली वाढली, पण त्या वाढीचा मुलांच्या बाबतीत फक्त चौथा भाग आणि मुलींच्या बाबतीत आठवा भाग कामाच्या वेळेतून आला. उरलेला वेळ कुठून आला? खेळण्यातून, रिकाम्या बसण्यातून. मुलीने काम सोडलं नाही, खेळणं सोडलं. मुलाचा दिवस म्हणजे काम आणि शाळा यांच्यातली वाटणी, असं आपण धरतो तेव्हा हे तिसरं काहीतरी गुपचूप कापलं जातं.

माझ्या टीममध्ये बीड जिल्ह्यातला एक सहकारी आहे. त्याचे आईवडील कोयत्यावर जायचे. तो सहा वर्षांचा असल्यापासून हंगामात आजीजवळ गावी राहिला, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला, पुढे इंजिनिअर झाला. चहाच्या वेळी कुणीतरी नेहमीचं वाक्य टाकलं, की मनात असेल तर माणूस कुठूनही शिकतो. तो शांतपणे म्हणाला, “मी राहिलो कारण ताई गेली. धाकट्याला बघायला कुणीतरी लागायचंच ना.” त्याच्या ताईचं लग्न सोळाव्या वर्षी झालं आणि तिचा स्वतःचा कोयता झाला. त्या दोघांची बुद्धी सारखी होती, असं तोच सांगतो. एका घरात दोन मुलांपैकी एकाचा खाडा दुसऱ्याने भरून काढला, आणि कुणाचा कुणी भरायचा हे ठरवताना मुलगा-मुलगी हा हिशेब आधीच झालेला होता. यशोगाथा लिहिणारे त्याच्याबद्दल लिहितील, आणि त्यांना तिचं नावही विचारावंसं वाटणार नाही.

महाराष्ट्राने या मुलांसाठी काहीच केलं नाही असं नाही. २००० नंतर कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालल्या. शिक्षण हक्क कायदा आल्यावर तात्पुरत्या शाळांऐवजी जवळच्या नियमित शाळेत मुलांना घ्यायचं ठरलं. मुलाबरोबर जावं म्हणून शिक्षण हमी पत्रक आलं. ते दाखवलं की दुसऱ्या गावच्या शाळेने प्रवेश द्यायचा. मुलं गावीच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं आली. त्यांत बऱ्याच ठिकाणी मूल आजी-आजोबांकडे राहतं आणि जेवण शाळा व्यवस्थापन समितीमार्फत मिळतं. २०२१ मध्ये ४१ तालुक्यांत मुलांची आणि मुलींची मिळून ८२ कायमस्वरूपी वसतिगृहं मंजूर झाली. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचं आणि तेवढीच भर सरकारने घालायची, असंही ठरलं.

यातला वसतिगृहाचा मार्ग मला बरोबर वाटतो, पण त्याची किंमत कोण देतं हे विसरता येत नाही. आठ वर्षांच्या मुलाने शिकायचं असेल तर त्याने पाच महिने आईपासून लांब राहायचं. आपल्या वर्गातल्या किती जणांनी ही अट मान्य केली असती? वयात येणाऱ्या मुलीला मागे ठेवायला आईवडील घाबरतात, बरोबर नेलं तर कोपीला दार नसतं, म्हणून तिचं लग्न लावून मोकळे होतात. त्यांच्यापुढचे सगळे पर्याय वाईट आहेत. त्यांनी कमी वाईट पर्याय निवडला की आपण त्याला अज्ञान म्हणतो.

माझ्या कामात एक नियम आहे. जी गोष्ट क्वचित घडते तिच्यासाठी अपवाद लिहायचा, आणि जी दर वर्षी ठरल्या दिवशी घडते तिला मुख्य रचनेत जागा द्यायची. गाळप हंगाम कधी सुरू करायचा हे मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते, २०२३-२४ चा हंगाम १ नोव्हेंबरपासून ठरला होता. कारखान्याला आपल्याकडे किती कोयते येणार हे करारामुळे आधीच माहीत असतं. कुठल्या शेतकऱ्याचा ऊस कुठल्या टोळीने तोडला आणि काट्यावर किती किलो भरला, याची पावती निघते. एवढ्या नोंदी ठेवणाऱ्या व्यवस्थेला एका कोयत्याबरोबर किती मुलं आली आणि ती कितवीत आहेत हे विचारता येणार नाही, यावर मी विश्वास ठेवू शकत नाही. हा एक रकाना आहे. दर वर्षी तो रिकामा राहतो कारण तो भरला, तर त्याच्या शेजारी कुणाची तरी जबाबदारी लिहावी लागेल.

ती जबाबदारी कुणाची, याचं माझं उत्तर त्या टनाच्या दरातच आहे. मुलीच्या वेळेवर जो दर उभा आहे, त्या दराचा फायदा घेणाऱ्या सगळ्यांची. कारखाना, ऊस लावणारा बागायतदार, सरकार आणि साखर विकत घेणारे आपण. टनामागे १० रुपये घेताना तत्त्व मान्य झालंच आहे की हा खर्च उसाचा आहे, कुटुंबाचा नाही. चांगल्या हंगामात राज्यात दहा कोटी टन ऊस गाळला जातो, म्हणजे कारखान्यांचाच वाटा शंभर कोटींचा होतो. आता प्रश्न रकमेचा उरतो, आणि ती कशावर मोजायची याचा. पाळणाघर, तळाजवळच्या शाळेत जायला गाडी, वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला महिन्यातून एकदा आईला भेटायचा प्रवासखर्च, आणि आईला दोन तास आधी निघता यावं एवढा दर. यातलं काहीही तंत्रज्ञानाच्या दृष्टीने अवघड नाही. हे एक इंजिनिअर म्हणून खात्रीने सांगतो.

एवढं झालं तरी ऊस तोडणाऱ्या बाईला कदाचित वाटेल की मुलीने थोडं पाणी भरावं, भाकरी थापायला शिकावं. जरूर शिकावं. माझाही गिरणीत वेळ वाया गेला नाही. फक्त ज्या दिवशी शाळेत भागाकार शिकवणार असतील, त्या दिवशी तिने पाणी न भरल्याने कुणाचं काही बुडू नये.